स्ट्रोक की मूव्हमेंट डिसऑर्डर, आणि फेलोशिप नाहीच केली तर?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी न्यूरोलॉजीची (मेंदू आणि नसांच्या आजारांची) रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारी डॉक्टर, ट्रेनिंगचा निम्मा टप्पा नुकताच ओलांडलाय आणि फेलोशिपचे, म्हणजे एकाच उपशाखेच्या पुढच्या ट्रेनिंगचे, अर्ज येत्या काही महिन्यांत भरायचेत. डिपार्टमेंटमधल्या स्ट्रोकच्या सिनियर सरांनी तिला स्वतः बोलावून सांगितलं की माझ्याकडे ये, जागा ठेवतो. बॅचमधले बरेचजण स्ट्रोक नाहीतर इंटरव्हेन्शनकडे (रक्तवाहिनीतून नळी घालून करायचे उपचार) चाललेत. हिचं मन मात्र मूव्हमेंट डिसऑर्डरच्या, म्हणजे पार्किन्सन, कंप अशा हालचालींच्या आजारांच्या, ओपीडीत लागतं. ती लिहिते, "तिथे इमर्जन्सी नाही, कुणाला वाचवलं असं काही नाही, मला वाटतं मी सोपं काम शोधतेय. रात्रीच्या कॉल्समुळे इतकी दमलेय की नक्की काय आवडतं तेच कळेनासं झालंय, आणि एकदा निवडलं की जन्मभर तेच. कधी वाटतं फेलोशिपच नको, सरळ जनरल न्यूरोलॉजी करावी, पण मग लोक अर्धवट शिकलेली म्हणतील. मॅडम, आणि सरांना नाही कसं म्हणू?"

बघ, तुझ्या पत्रात बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. फेलोशिप निवडताना त्या शाखेतली सगळ्यात भारी केस कोणती ते बघू नकोस, तिथला साधा, काहीच विशेष न घडणारा कामाचा दिवस कसा जातो ते बघ. भारी केस कधीतरी येते, साधा दिवस रोज येतो. आणि अडचण अशी आहे की रेसिडेन्सीत आपल्याला नेमका तोच दिवस दिसत नाही. रेसिडेंटचा बहुतेक वेळ वॉर्ड, इमर्जन्सी आणि बाकी डिपार्टमेंटच्या कॉलवर जातो, आणि न्यूरोलॉजिस्ट म्हणून पुढचं आयुष्य बरंचसं ओपीडीत काढायचं असतं. वर अर्ज भरायची वेळ अशी की अर्ध्या शाखांचं रोटेशन (आळीपाळीचं काम) अजून झालेलं पण नसतं. त्यामुळे तू गोंधळलीयस यात तुझं काही चुकत नाहीये.

आधी थकव्याचं बोलू, कारण तो बाजूला काढल्याशिवाय बाकी काही नीट दिसणारच नाही. अमेरिकेत २०१६ साली न्यूरोलॉजी रेसिडेंट आणि फेलोंचा एक सर्व्हे झाला, उत्तर देणाऱ्या रेसिडेंटपैकी ७३ टक्क्यांमधे बर्नआउटचं किमान एक तरी लक्षण होतं, फेलोंमधे हाच आकडा ५५ टक्के. म्हणजे तू एकटी नाहीयेस, आणि पुढच्या टप्प्यावर थोडं हलकं होतं अशी आशा ठेवायला जागा आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. तू स्ट्रोकला कंटाळलीयस की रात्रींना? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नाइट ड्युटीच्या आठवड्यात त्या वेगळ्या काढता येत नाहीत. रात्री अडीचला फोन वाजतो, तू धावत जातेस, शेवटचं नॉर्मल कधी बघितलं हे विचारतेस, मुलगा म्हणतो झोपायला गेले तेव्हा ठीक होते, सून म्हणते नाही, संध्याकाळपासूनच जरा गप्प होते, आणि तुला सीटीच्या टेबलशेजारी उभं राहून ठरवायचं असतं की यातलं खरं काय, कारण गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही ते त्या एका उत्तरावर ठरणार. आता आठव, हे सगळं चालू असताना तू जागी झालेली असतेस की फक्त कधी संपतंय याची वाट बघत असतेस? आणि दुसऱ्या दिवशी, कुणी सांगितलेलं नसताना, त्या पेशंटला आता किती बोलता येतंय ते बघायला तुझी पावलं वळतात का? वळत असतील तर तुला स्ट्रोक आवडतं आणि तू फक्त झोपेची उपाशी आहेस. वळत नसतील तर तीही माहितीच आहे.

आणि एक, हे सगळ्यांसाठीच लिहितेय. सुट्टी मिळूनही झोप लागत नसेल, आवडीच्या कुठल्याच गोष्टीत मन लागत नसेल, नको हे आयुष्य असे विचार येत असतील, तर तो फेलोशिपचा प्रश्न नाही. त्यासाठी डॉक्टरकडे जायचं, पेशंट म्हणून, आणि अर्जाच्या तारखेची वाट न बघता जायचं. आपण रोज लोकांना डिप्रेशन हा आजार आहे म्हणून सांगतो, ते आपल्यालाही लागू आहे.

आता "सोपं काम" या शब्दांवर मला जरा भांडायचंय तुझ्याशी.

मूव्हमेंटच्या ओपीडीत तू बसली असशील तर हे बघितलं असशीलच. तपासणी पेशंट खुर्चीत बसल्यावर सुरू होत नाही, तो दारातून आत येतो तेव्हाच सुरू होते. कुठला हात हलत नाहीये, वळताना किती पावलं टाकतोय, दाराच्या चौकटीपाशी पाय चिकटतात का. मग अंगठा आणि बोट आपटायला सांगायचं आणि नुसता वेग बघायचा नाही, आठ-दहा वेळा झाल्यावर आवाका लहान होत जातो का ते बघायचं. एखादीचा हात थरथरतोय, तू तिला दुसऱ्या हाताने तुझ्या तालावर टॅप करायला लावतेस आणि थरथर हळूच तो ताल पकडते, बस, निदान तुझ्यासमोर झालं, एमआरआयमधे ते दिसलंच नसतं. पण खरं अवघड काम त्याच्या पुढे आहे, हा फंक्शनल ट्रेमर (मेंदूत इजा नसताना होणारा, पण खराच कंप) आहे हे तिला अशा शब्दांत सांगायचं की तू खोटं करतेस असं तिला वाटता कामा नये. हे सोपं आहे? मला तरी हे न्यूरोलॉजीतलं सगळ्यात कसबी काम वाटतं.

आणि वाचवलं असं काही नाही म्हणतेस, तर डोपा रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटणारा, औषधाने सुधारणारा आजार) आठव. सेरेब्रल पाल्सीचं लेबल लागून वर्षानुवर्षं अडखळत चालणारं मूल लेव्होडोपा या पार्किन्सनच्याच औषधाच्या छोट्या डोसवर नीट चालायला लागतं. विल्सन्स (शरीरात तांबं साठण्याचा आजार) वेळेत ओळखला तर तरुण पोराचं लिव्हर आणि मेंदू दोन्ही हाती राहतात, चुकला तर दोन्ही जातात. इमर्जन्सी पण आहेत, कुणीतरी पार्किन्सनच्या गोळ्या अचानक बंद केल्या आणि पेशंट कडक होऊन तापाने फणफणत आला, किंवा स्टेटस डिस्टोनिकस (अंग पिळवटणं थांबतच नाही अशी अवस्था), या रात्री कमी येतात पण आल्या की ओळखणारा माणूस लागतो. डीबीएसचं (मेंदूत बसवलेल्या तारेतून करंट द्यायच्या उपचाराचं) प्रोग्रॅमिंग बघितलंयस का नीट बसून? त्या तारेवरचा एकेक कॉन्टॅक्ट घ्यायचा, करंट थोडा थोडा वाढवत न्यायचा, मनगट हलवून कडकपणा किती उतरला बघायचं, बोलणं जड झालं किंवा गाल ओढला गेला की मागे यायचं, मग पुढचा कॉन्टॅक्ट. तासभर जातो आणि त्या तासात तुझ्या डोळ्यांसमोर एखाद्याचा हात मोकळा होतो. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलमधे न्यूरोसर्जन बेनाबिद यांच्या टीमने थॅलॅमसला (मेंदूच्या आतल्या एका भागाला) स्टिम्युलेशन देऊन ट्रेमर थांबवला तिथून हे सगळं आजच्या रूपात सुरू झालं.

पण मी तुला मूव्हमेंटच्या बाजूला ओढतेय असं समजू नकोस, कारण तिथला साधा दिवस पण सांगायला हवा. तो असा की सकाळी पहिला पेशंट पार्किन्सनचा, दहा वर्षं झालेली, गोळीचा असर दोन तासांत उतरतो, मधेच अंग नाचतं, रात्री भास होतात, बायको थकलेली. भासांसाठी एक गोळी कमी केली की चालणं बिघडतं, चालण्यासाठी वाढवली की भास वाढतात, तू त्या दोन टोकांमधे कुठेतरी जागा शोधतेस आणि पुढच्या भेटीला ती जागा सरकलेली असते. हा माणूस तुझ्याकडे वर्षानुवर्षं येणार आणि दर वर्षी थोडा खाली गेलेला असणार. आजार थांबवणारं औषध आजही आपल्याकडे नाही. असे पेशंट दिवसात एकामागून एक बघून तुला संध्याकाळी कसं वाटतं, हा प्रश्न महत्त्वाचा. काहीजणांना त्या दीर्घ नात्यातच काम केल्यासारखं वाटतं, काहीजण आतून झिजतात, आणि यात कोण चांगला डॉक्टर हा विषयच येत नाही.

स्ट्रोकवर पण अन्याय नको. आपल्या डोळ्यांदेखत बदललेली शाखा आहे ती. १९९५ मधे टीपीएची, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या त्या औषधाची, ट्रायल आली तेव्हा ते द्यायची खिडकी तीन तासांची होती, २००८ मधे साडेचार झाली, २०१५ मधे थ्रॉम्बेक्टॉमीच्या (गुठळी नळीने बाहेर काढण्याच्या) पाच ट्रायल एकापाठोपाठ आल्या आणि २०१८ पासून निवडक पेशंटमधे चोवीस तासांपर्यंत जाता येतं. ज्याने हे बघितलं तो भारावतो, तुझे सर भारावलेत ते काही उगाच नाही. पण स्ट्रोकचा सुद्धा साधा दिवस कोडचा (इमर्जन्सी कॉलचा) नसतो. तो असतो प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) सापडत नाही म्हणून लांब मॉनिटरिंग, सिगरेट सुटत नाही, हात आखडलाय, स्ट्रोकनंतर माणूस रडवेला झालाय, गोळ्या बंद केल्यात. कोड आवडून स्ट्रोकला गेलेल्यांना ही ओपीडी सहन होत नाही असं मी बघितलंय, आणि उलट रात्री फारशा न आवडणारे पण ही ओपीडी मनापासून करणारे पण बघितलेत, ते खूप टिकतात.

बाकीच्या शाखांचा विचार करणाऱ्यांसाठी दोन शब्द. एपिलेप्सीला (फिट्सच्या आजाराला) जाणार असाल तर रोज तासन्‌तास ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) वाचायला आवडतं का ते स्वतःला विचारा, आणि संयम आहे का ते, कारण तिथलं मोठं कसब नॉर्मल व्हेरियंटला नॉर्मल म्हणण्यात आहे, एक विकेट स्पाइक (असाच एक निरुपद्रवी टोकदार आकार) चुकून एपिलेप्टिफॉर्म, म्हणजे फिटचा, म्हणून लिहिला की एखाद्याचं ड्रायव्हिंग, नोकरी, लग्न सगळ्याला वर्षानुवर्षांचा शिक्का लागतो. न्यूरोमस्क्युलरमधे (नसा आणि स्नायूंच्या शाखेत) सुई टोचून पेशंटला दुखवावं लागतं आणि तरी त्याचा विश्वास टिकवावा लागतो, एएलएसची (स्नायू हळूहळू निकामी होत जाणाऱ्या, बरा न होणाऱ्या आजाराची) क्लिनिक झेपते का ते बघा. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आणि न्यूरोइम्युनॉलॉजी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते त्या आजारांची, वेगाने पळणारी शाखा, १९९३ मधे एमएसचं पहिलं औषध आलं आणि एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस (असाच मेंदूला सूज आणणारा आजार) तर २००७ पर्यंत कुणाला माहीतच नव्हता, सतत वाचायची आवड नसेल तर मागे पडाल. न्यूरो आयसीयूमधे नातेवाइकांशी मरणाबद्दल रोज बोलावं लागतं. डोकेदुखीला कुणी ग्लॅमर देत नाही पण सगळ्यात जास्त पेशंट तिथे आहेत आणि सीजीआरपीची (मायग्रेनमागचं एक रसायन अडवणारी) औषधं आल्यापासून त्यांना देण्यासारखं आपल्या हातात बरंच काही आहे.

आता "जन्मभर तेच" हे. हे अर्धं खरं आहे. फेलोशिप एक वर्षाची, काही दोन वर्षांच्या, आणि प्रॅक्टिस तीस-पस्तीस वर्षांची. एकेका वर्षाने इतकं सगळं ठरत नाही, बहुतेक सबस्पेशालिस्ट आपल्या शाखेबरोबर जनरल न्यूरोलॉजी बघतातच. शाखासुद्धा तीस वर्षांत ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतात. पण जे अर्धं खरं आहे ते असं की हाताची कामं नंतर शिकता येणं अवघड असतं. इंटरव्हेन्शन, न्यूरो क्रिटिकल केअर, ईएमजी (स्नायूंची सुईने तपासणी), एपिलेप्सी सर्जरीआधीचं मॉनिटरिंग, डीबीएस, बोटुलिनम इंजेक्शन, हे कुणीतरी शेजारी उभं राहून चुका दाखवल्याशिवाय येत नाही. उलट एमएसचं नवं औषध किंवा मायग्रेनचं नवं गाइडलाइन तू पन्नाशीत पण वाचून शिकशील. म्हणून स्वतःला विचार, मला काय करायला शिकायचंय जे मला एकटीला कधीच शिकता येणार नाही? त्याचं उत्तर ठळक येत असेल तर ती तुझी फेलोशिप. काहीच ठळक येत नसेल तर कदाचित तुला आत्ता फेलोशिपची गरज नाही.

आणि यावरून जनरल न्यूरोलॉजी. अर्धवट शिकलेली कोण म्हणणार तुला? मेडिसिन करून मग न्यूरोलॉजीची डीएम (सुपरस्पेशालिटी पदवी) असा मार्ग असेल तर एमबीबीएसनंतर सहा वर्षं होतात, अमेरिकेसारखा इंटर्नशिप धरून चार वर्षांचा असेल तरी न्यूरोलॉजिस्ट पूर्णच असतो. डोकेदुखी, चक्कर, फिट, न्यूरोपथी, विसरभोळेपणा, कंप, हे सगळं एकाच दिवशी एकाच खोलीत बघणारा आणि कुणाला पुढे पाठवायचं ते अचूक ओळखणारा माणूस मिळणं कठीण आहे. मोठ्या शैक्षणिक हॉस्पिटलमधे ट्रेनिंग झालं की आजूबाजूला सगळे सबस्पेशालिस्टच दिसतात, त्यामुळे तेच एकमेव आयुष्य आहे असं वाटायला लागतं. जिथे शंभर किलोमीटरमधे एकच न्यूरोलॉजिस्ट आहे तिथे नुसता डिस्टोनियाचा तज्ज्ञ काय कामाचा. जनरल करायची असेल आणि तरी एक वर्ष द्यायची तयारी असेल तर क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी बघ, ईईजी आणि ईएमजी दोन्ही हातात येतात आणि ते जन्मभर रोज लागतं. आणि आधी दोन वर्षं काम करून मग फेलोशिप केली तरी चालतं. पगार कमी होतो, परत शिकाऊ व्हायला जड जातं, पण काय शिकायचंय ते अगदी स्पष्ट असतं अशांना.

जागा कशी पारखायची ते सांगते. डायरेक्टरांशी बोलशीलच पण आत्ता तिथे असलेल्या फेलोशी फोनवर बोल, लेखी विचारू नकोस, लेखी कुणी खरं लिहीत नाही. त्यांना म्हण, गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंस ते सांग. नुसतं "खूप शिकायला मिळतं" असं उत्तर आलं तर परत विचार. स्वतःच्या हाताने किती केसेस, शेजारी कोण उभं असतं, रिपोर्ट कोण तपासून परत देतं, फेलो आजारी पडला तर त्याचं काम कोण करतं, मागचे फेलो आता कुठे आहेत आणि ते काय करतायत. काही ठिकाणी फेलो म्हणजे फक्त जास्त शिकलेला रेसिडेंट, वॉर्ड चालवायला माणूस हवा म्हणून घेतलेला, ते पाच मिनिटांत कळतं. अमेरिकेच्या बाबतीत एक खास गोष्ट लक्षात ठेव, स्ट्रोक, एपिलेप्सी, न्यूरोफिजिऑलॉजी, न्यूरोमस्क्युलर यांच्या फेलोशिपला तिथे ठरलेली मान्यता आणि वेगळी बोर्डाची परीक्षा आहे, मूव्हमेंट डिसऑर्डरला तशी नाही. त्यामुळे तिथल्या एका सेंटरची मूव्हमेंट फेलोशिप आणि दुसऱ्या सेंटरची यात जमीन अस्मानाचा फरक असू शकतो, डीबीएस स्वतः करायला मिळतं का, इंजेक्शनं किती, लहान मुलं आणि जेनेटिक केसेस येतात का, आणि दोन वर्षांची असेल तर दुसरं वर्ष नुसत्या रिसर्चचं आहे का, हे सगळं विचारून घ्यायचं. घरचं कुणी दुसऱ्या शहरात नोकरीला असेल, मूल लहान असेल, तर तेही याच पारड्यात टाक, त्यात लाज कसली.

तुझ्यापुरतं माझं मत विचारशील तर पत्रावरून मला तू मूव्हमेंटची वाटतेस. स्ट्रोकबद्दल तू लिहिलंस ते सगळं सरांबद्दल आणि बॅचबद्दल आहे, पेशंटबद्दल एक ओळ नाही. मूव्हमेंटबद्दल लिहिताना तुझं मन तिथे "लागतं" असं तूच लिहिलंयस. पण नुसत्या माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. नाइट संपल्यावर, चार दिवस नीट झोपून झाल्यावर, दोन आठवड्यांचं इलेक्टिव्ह (स्वतः निवडायची पोस्टिंग) मूव्हमेंटला माग आणि त्यात निवडक केसेस न बघता फॉलोअपची अख्खी ओपीडी बस. जमलं तर एक आठवडा स्ट्रोकची दिवसाची ओपीडी पण कर, फक्त ओपीडी, कोड नाही. रोज संध्याकाळी चार ओळी लिहून ठेव, आज कुठल्या पेशंटपाशी घड्याळ बघितलं आणि कुठल्या पेशंटपाशी विसरले. बहुतेक वेळा एवढ्यात कळतं.

मग सरांकडे जा. मेसेज नको, समोर जा, आणि उशीर नको, कारण त्यांनी जागा ठेवली असेल तर तुझ्या "बघते सर" मुळे दुसऱ्या कुणाचं तरी अडकलेलं असतं. असं म्हण, "सर, तुम्ही मला विचारलंत हे माझ्यासाठी खूप मोठं आहे. स्ट्रोकचं मी जे काही शिकले ते तुमच्याकडून. मी दोन्हीकडे काम करून बघितलं आणि मला मूव्हमेंट डिसऑर्डर करायचंय. तुमचं मार्गदर्शन पुढेही हवंय, आणि माझ्यासाठी रेकमेंडेशन लेटर लिहाल का?" शेवटचं वाक्य गाळू नकोस. ज्या माणसाला तू स्वतःच्या टीममधे हवी होतीस त्याच्या पत्राला दुसरीकडे पण वजन असतं, आणि बहुतेक सिनियर हे ऐकून थोडे हिरमुसतात आणि लगेच फोन काढून तिथल्या कुणाला तरी लावतात. अगदीच रागावले तर दोन आठवडे अवघड जातील, त्या दिवसांत काम चोख ठेव आणि स्पष्टीकरणं देत बसू नकोस.

इलेक्टिव्हच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे ड्युटीची यादी करणाऱ्या चीफ रेसिडेंटशी या आठवड्यातच बोलून घे. आणि इलेक्टिव्ह झाल्यावर, काहीही ठरलं तरी, मला नक्की लिही.